मशीन बंद असतं तर?

गुडघ्याला गुंडाळायचा 'फ्रिक्वेन्सी'चा पट्टा, झोपेसाठी 'बायोमॅग्नेटिक' गादी, पाठीखाली ठेवायची 'पल्स' देणारी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. मंगल कार्यालयातल्या मोफत तपासणी शिबिरापासून शहरातल्या चकचकीत वेलनेस सेंटरपर्यंत ही यंत्रं आता सगळीकडे दिसतात. गोळी नाही, सुई नाही, साइड इफेक्ट नाही, नुसत्या सौम्य लहरी, असं विकणारा सांगतो. ऐकणारे दोन गटांत विभागले जातात. एक म्हणतो सगळा भंपकपणा, दुसरा म्हणतो शेजारच्या काकूंना फरक पडलाय. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. या विषयाच्या मुळाशी अस्थिरोगतज्ज्ञांनी खरोखर वापरलेलं शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रावर बांडगुळंही भरपूर वाढली आहेत. दोन्ही एकाच दुकानात, एकाच बोलीत विकली जातात, हा खरा घोळ.

आधी थोडं भौतिकशास्त्र. विकणारा नेहमी हर्ट्झ सांगतो: दहा हर्ट्झ झोपेला, पंधरा हर्ट्झ हाडांना. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा लहर वरखाली होते, तेवढंच. गायक काळी चारच्या पट्टीत गातोय असं कळलं, तरी तो माजघरात गुणगुणतोय की लाउडस्पीकरवर गातोय हे त्यातून कळत नाही. तसंच लहर किती जोराची, तिचा आकार कसा, रोज किती तास आणि शरीराच्या कुठल्या भागावर, हे कळल्याशिवाय नुसत्या फ्रिक्वेन्सीला काही अर्थ नाही. औषधाच्या पाकिटावर मिलिग्रॅम असतात, तसे इथे टेस्ला हवेत. ते माहितीपत्रकात सहसा नसतात.

एक टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं फार मोठं माप आहे. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र साधारण दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक त्याच्या अगदी पृष्ठभागाशी पाच-दहा मिलिटेस्ला, म्हणजे टेस्लाचे हजारावे भाग. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्या भागात चाळीसच्या थोडं वर, पण मायक्रोटेस्ला, म्हणजे टेस्लाचे दशलक्षावे भाग.

हे शेवटचं मोजमाप आपल्याकडे फार जुन्या काळापासून आणि फार काटेकोरपणे झालेलं आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार असं दिसू लागलं, तेव्हा तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात. ट्राम धावली १९०७ मध्ये. कुलाब्याच्या जुन्या नोंदींत सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौरवादळही सापडतं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडवणाऱ्या त्या वादळात कुलाब्याचं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन मायक्रोटेस्लांनी घसरलं. न जुळलेल्या हाडासाठी डॉक्टर जी कॉइल बांधायला देतात, ती याच्या पाच-सहाशे पट क्षेत्र पायाभोवती तयार करते, आणि पेशंटला काहीही जाणवत नाही. तेव्हा 'मला तर काही जाणवलंच नाही' किंवा 'छान उबदार वाटलं' यावरून यंत्राबद्दल काहीच ठरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते. क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितकी जास्त. आपलं शरीर म्हणजे खारं पाणी, वीज वाहून नेणारं. त्यामुळे कॉइलमधून विजेचे झटके सोडले की आत, अगदी हाडापर्यंत, बारीकसे विद्युतप्रवाह तयार होतात. चुंबकीय क्षेत्राला कातडी, प्लास्टर, कपडे काही आडवे येत नाहीत. पण नुसतं चुंबक, जे गादीत शिवलेलं आहे आणि ज्यावर तुम्ही शांत पडून आहात, ते स्थिर असतं. त्याचा असा प्रवाह जवळजवळ शून्य. म्हणजे झटके देणारी कॉइल आणि चुंबकाची गादी या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीवरचं संशोधन दाखवून दुसरी विकणं ही या धंद्यातली रोजची हातचलाखी.

झटक्यांची गोष्ट सुरू झाली जपानमध्ये. १९५७ साली फुकादा आणि यासुदा या दोघांनी दाखवलं की हाडावर दाब आला की त्यात सूक्ष्म विद्युतभार तयार होतो. चालताना, वजन उचलताना हाड घट्ट होतं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं विरघळत जातं, हे आधीपासून माहीत होतं. मग दाबाची बातमी पेशींपर्यंत वीज पोहोचवत असेल का? आणि तसं असेल, तर दाब न देता बाहेरून वीज देऊन हाड वाढवता येईल का? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू बॅसेट यांनी हा धागा धरला. ऑपरेशन करून तारा बसवण्याऐवजी त्यांनी प्लास्टरवर कॉइल बांधल्या आणि झटक्यांचं क्षेत्र वापरलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, न जुळणाऱ्या हाडांसाठी या उपचाराला मान्यता दिली. १९८१ मध्ये बॅसेट आणि सहकाऱ्यांनी नडगीच्या न जुळलेल्या १२७ हाडांचे निकाल छापले: ८७ टक्के जुळली.

इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण इंग्लंडमध्ये शेफील्डला काही लोकांनी एक आगाऊ वाटावा असा प्रश्न विचारला: मशीन बंद असतं तर?

बॅसेट यांच्या पद्धतीत नुसती कॉइल नव्हती. पाय प्लास्टरमध्ये पक्का धरलेला, त्या पायावर वजन टाकायला बंदी, रोज कित्येक तास एका जागी बसणं, आणि हे महिनोन्महिने. न जुळणारं हाड नुसत्या एवढ्याने जुळायला लागत असेल तर? शेफील्डच्या बार्कर, शॅरर्ड आणि सहकाऱ्यांनी काही पेशंटना चालू यंत्रं दिली, काहींना हुबेहूब दिसणारी पण क्षेत्र तयार न करणारी. कोणाकडे कुठलं, हे ना पेशंटला माहीत ना तपासणाऱ्या डॉक्टरला. या उपचारात काही जाणवतच नाही, त्यामुळे ही लपवाछपवी फार सोपी जाते. १९८४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंतरिम निकाल असा: चालू यंत्राच्या ९ पेशंटपैकी ५ जणांचं हाड जुळलं. बंद यंत्राच्या ७ पैकीही ५ जणांचं.

हा निकाल मला फार आवडतो, कारण त्यात कुणीही लबाड नाही. बॅसेट खोटं बोलत नव्हते, त्यांच्या पेशंटची हाडं खरोखर जुळली होती. फक्त श्रेय कुणाचं, हे तुलना केल्याशिवाय सांगता येत नव्हतं. गंमत म्हणजे गोष्ट तिथे संपत नाही. त्याच शॅरर्ड यांनी १९९० मध्ये दुसरी चाचणी छापली, जुळायला उशीर होणाऱ्या नडगीच्या ४५ फ्रॅक्चरवर. पुन्हा बंद आणि चालू यंत्रं, सगळ्यांना प्लास्टर, रोज बारा तास, बारा आठवडे. एक्स-रे पाहिल्यावर चालू यंत्राच्या २० पैकी ५ हाडं जुळलेली आणि ५ जुळण्याच्या वाटेवर. बंद यंत्राच्या २५ पैकी एक जुळलेलं आणि एक वाटेवर. इतका फरक निव्वळ योगायोगाने येणं कठीण. पुढे ऑस्ट्रेलियात नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरच्या २५९ पेशंटवर मोठी चाचणी झाली. तिथे यंत्र लावल्याने पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ कमी आली नाही. २०११ साली कॉक्रेन या स्वतंत्र परीक्षण करणाऱ्या संस्थेने रखडलेल्या हाडांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. चारच चाचण्या निकषात बसल्या, पेशंट सगळे मिळून १२५, आणि निष्कर्ष: ठाम सांगता येत नाही.

म्हणजे चाळीस वर्षं वापरात असलेला, मान्यता असलेला, खऱ्या डॉक्टरांचा उपचार, आणि तरी चित्र हे असं धूसर. रखडलेल्या हाडाला काही मदत होत असावी, ताज्या फ्रॅक्चरला बहुधा नाही. हाडाच्या पेशींवर या झटक्यांचा परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. कॅल्शियमची ये-जा बदलते, ॲडेनोसिन नावाच्या रेणूला ओळखणारे पेशींवरचे ग्राहक वाढतात. पण काचेच्या बशीतली पेशी आणि सत्तरीच्या आजोबांचा पाय यांत बरंच अंतर आहे. आता ज्या दुकानात हाच पट्टा मधुमेह, थायरॉइड, केस गळणं आणि मुलांच्या अभ्यासातलं लक्ष या सगळ्यांवर चालतो म्हणतात, तिथला पुरावा किती असेल याची कल्पना करा.

गुडघेदुखीचं काय? शिबिरात येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर. गुडघ्याच्या आणि इतर सांध्यांच्या झिजेवर अशा क्षेत्रांच्या नऊ चाचण्या कॉक्रेनने २०१३ मध्ये तपासल्या, ६३६ पेशंट. दुखणं शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजलं, तर यंत्राने ते सरासरी २६ गुणांनी कमी झालं आणि बंद यंत्रानेही ११ गुणांनी. म्हणजे यंत्राचा स्वतःचा वाटा १५ गुणांचा. तो अगदीच नगण्य नाही; दुखण्याच्या बाबतीत पंधरा गुण माणसाला कळतात. पण जिने चढणं, उठबस, एकूण जगणं सुधारलं का, यात तसा स्पष्ट फरक मिळाला नाही. झिजलेली कूर्चा परत उगवते असं तर या चाचण्यांत कुणी दाखवलेलं नाही. पाटीवर मात्र हमखास 'गुडघे बदलणे टाळा' असं लिहिलेलं असतं.

त्या अकरा गुणांकडेही जरा आदराने पाहायला हवं. कुणीतरी वेळ काढून आपल्याकडे लक्ष दिलं, अर्धा तास शांत पडून राहिलो, दुखणं तसंही महिन्यात कमीजास्त होत असतं आणि आपण शिबिराला गेलो ते नेमकं सगळ्यात जास्त दुखत असताना. या सगळ्याची बेरीज म्हणजे ते अकरा गुण. काकू खोटं बोलत नाहीत. पूरक उपचार म्हणून, डॉक्टरांचं औषध आणि फिजिओचे व्यायाम चालू ठेवून कुणी यातून समाधान मिळवत असेल तर मी कोण आडवा येणार? पैसे किती जातात आणि व्यायाम सुटतात का, एवढंच बघायचं.

बंद यंत्राशी तुलना करायची ही रीत कालपरवाची नाही. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या 'प्राणीचुंबकत्वा'ने, म्हणजे शरीरातल्या कथित चुंबकी शक्तीने रोग बरे करण्याच्या पद्धतीने, धुमाकूळ घातला होता. हात फिरवला की लोक थरथरत, बेशुद्ध पडत. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. पॅरिसजवळच्या पासीला फ्रँकलिन यांच्या बागेत एका झाडात 'चुंबकत्व भरलं' आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेलं. पोरगं चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडलं. ते झाड भलतंच होतं.

त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी अमेरिकेत आल्बर्ट एब्रम्स नावाच्या डॉक्टरने रक्ताच्या वाळलेल्या थेंबाची 'कंपनं' मोजून रोग सांगणारी आणि दुसरी कंपनं सोडून तो बरा करणारी यंत्रं भाड्याने दिली. अट एकच, पेटी उघडायची नाही. संशयी लोकांनी कोंबड्याचं रक्त पाठवलं, तर त्यालाही माणसांचे रोग निघाले. १९२४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या चौकशीने हा सगळा दावा निराधार ठरवला. हातात धातूची दांडी धरली की लॅपटॉपमधून पानंच्या पानं रिपोर्ट काढणारा आजचा 'क्वांटम ॲनालायझर' त्याच वंशातला. अशा दांडीतून मोजता येण्यासारखं एकच, हाताच्या कातडीचा विद्युतरोध, आणि तो घामाने आणि मूठ किती घट्ट आहे यावरून बदलतो. यकृताची अवस्था किंवा जीवनसत्त्वांची पातळी त्यातून कळायला काही मार्गच नाही. तपासून पाहायचं असेल तर दहा मिनिटांनी परत जा आणि नाव, वय, वजन वेगळं सांगा.

'प्रत्येक अवयवाची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, आजारात ती बिघडते, यंत्र ती परत जुळवतं' हे वाक्य फार लोकप्रिय आहे. भौतिकशास्त्रात अनुनाद, म्हणजे ठरावीक कंपनालाच मिळणारा जोरदार प्रतिसाद, असतो, एमआरआय त्यावरच चालतो. पण तिथे अणूंची केंद्रकं लोहचुंबकापेक्षा कितीतरी बलवान क्षेत्रात ठेवावी लागतात, तेव्हा ती ठरावीक फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देतात. यकृत हा एक अणू नाही. पाणी, चरबी, रक्तवाहिन्या आणि अब्जावधी पेशींचा तो गोळा एका सुरात वाजत नाही. ७.८३ हर्ट्झच्या 'पृथ्वीच्या ठोक्या'चंही असंच. शुमान यांनी १९५२ मध्ये मांडलेला हा अनुनाद खरा आहे, विजांमुळे जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामध्ये तो सतत घुमत असतो. पण त्याचं चुंबकीय क्षेत्र पिकोटेस्लाच्या (मायक्रोटेस्लाच्या दशलक्षाव्या भागाच्या) आसपास, म्हणजे अलिबागच्या क्षेत्राच्या काही कोटी पटींनी कमी. 'तो मिळत नाही म्हणून तुम्ही थकता' याला आधार नाही. आणि रक्तातल्या लोहाला चुंबक ओढतं म्हणून रक्ताभिसरण वाढतं, हे तर एमआरआयने केव्हाच निकालात काढलंय. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. तसं वागत असतं तर तीन टेस्लाच्या बोगद्यातून कुणी जिवंत परतलं नसतं.

जोर वाढवला की मात्र चित्र पालटतं. शेफील्डचे तेच बार्कर १९८५ मध्ये वेगळ्या कारणासाठी प्रसिद्ध झाले. त्यांनी दीड-दोन टेस्लाचा, पण सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागापुरता झटका डोक्याबाहेरून देऊन मेंदूतल्या पेशी चेतवल्या आणि माणसाचा हात हलवून दाखवला. हाडाच्या कॉइलपेक्षा आत तयार होणारं विद्युतक्षेत्र इथे सुमारे हजार पट. त्यातूनच औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरचा टीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देण्याचा, उपचार आला, अमेरिकेत २००८ मध्ये मान्य झाला आणि आज आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ तो देतात. हा सौम्य उपचार नाही. क्वचित फिट येऊ शकते, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो. फिजिओकडे आपण जो 'शेक' घेतो त्यातला शॉर्टवेव्ह २७.१२ मेगाहर्ट्झचा असतो, शेकडो वॅटपर्यंत, आणि तो गरम करतो म्हणून काम करतो. याच फ्रिक्वेन्सीवर, वॅटच्या दहाव्या भागाइतक्या शक्तीने, तोंडात चमच्यासारखा अँटेना धरून चालणाऱ्या एका छोट्या यंत्राला एफडीएने २०२३ मध्ये यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी परवानगी दिली. ती विरळ परिस्थितीतली मानवतावादी सवलत आहे, जिथे फायदा होण्याची शक्यता दाखवली तरी पुरते, परिणाम सिद्ध करावा लागत नाही. एवढ्या कमी शक्तीने गाठीवर काय होत असेल, हा प्रश्न मला खरोखर कुतूहलाचा वाटतो. पण ही परवानगी दुसरे उपचार थकलेल्यांसाठी आहे. ती दाखवून कुणी केमो सोडायला सांगत असेल तर उठून चालू लागावं.

कायदा यात अगदीच मुका नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात ५४ आजार आहेत, मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, लकवा धरून. ते बरे करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली अशा यंत्रांना परवाना लागतो, तेव्हा परवाना क्रमांक मागा. 'आयएसओ प्रमाणित' हे त्याचं उत्तर नव्हे. सोबत विचारा: क्षेत्र किती मिलिटेस्ला, रोज किती वेळ, कुठल्या आजारावर बंद यंत्राशी तुलना झाली आहे, आणि ती चाचणी याच यंत्राची की दुसऱ्याच कुठल्या.

महिनाभरात परत करण्याची मुभा मिळाली तर घरीच एक साधी चाचणी करता येते, कारण यंत्र चालू आहे की बंद हे तुम्हाला कळत नाही. दिव्यावर चिकटपट्टी लावा. कुठल्या आठवड्यात चालू आणि कुठल्या आठवड्यात बंद हे सुनेने किंवा मुलाने चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि स्वतःकडेच लिहून ठेवावं. तुम्ही रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या, औषधं आणि व्यायाम नेहमीसारखेच ठेवा. महिन्याने दोन्ही कागद शेजारी मांडा.

पेसमेकर, हृदयातला डिफिब्रिलेटर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिन पंप असलेल्यांनी, गरोदर बाईने किंवा फिट येणाऱ्या माणसाने हा प्रयोगही करू नये. एखादा मिलिटेस्ला पेसमेकरला ठरावीक चालीवर अडकवू शकतो आणि डिफिब्रिलेटरला ऐन वेळी गप्प ठेवू शकतो. चुंबकाच्या स्वस्त पट्ट्यालाही हे लागू आहे. शिबिरात हे कुणी विचारेलच असं नाही, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी आपणच सांगायचं.